काळ्या मेंढ्यांच्या आया

कुरणाचा इतिहास मी एकदा लिहिला आहे. फुलस्केप कागदावर, समास सोडून, निळ्या शाईनं, बावीस पानं. त्यात घोडे आहेत, गाई आहेत, मेंढ्या आहेत, विहिरींची खोलीसुद्धा आहे. माझी बायको त्यात नाही. तिला जाऊन आता सात महिने झाले. घरात बोलायला कोणी नसलं की आपण पूर्वी लिहिलेलं आपल्याला आपोआप आठवत राहतं, आणि आठवताना मला दरवेळी तेच जाणवतं, की इतक्या पानांत ती कुठेच नाही. म्हणून पुन्हा लिहितो आहे. दिवसाला अर्धं पान होतं. घाई कोणालाच नाही.

नगरच्या पूर्वेला बागायत संपते आणि माळ सुरू होतात, तिथे हे सरकारी कुरण होतं. इंग्रजांच्या वेळी इथलं गवत कापून लष्कराच्या घोड्यांसाठी नगरच्या छावणीत जायचं. पुढे घोडे कमी झाले, तेव्हा दगडी गोठे बांधून गाई आणल्या. स्वातंत्र्यानंतर खिल्लार वळू आले, गावोगावच्या गाईंसाठी. मेंढ्या सगळ्यांत शेवटी आल्या. मी सत्तरच्या सुमारास तिथे कारकून म्हणून लागलो, तेव्हा मेंढ्यांचे दोन कळप होते. एक इथल्याच काळ्या मेंढ्यांचा. दुसरा पांढऱ्यांचा, म्हणजे परदेशातून आणलेल्या नरांपासून इथल्या मेंढ्यांना झालेल्या संकरित मेंढ्यांचा. पांढरी लोकर ट्रकनं गिरणीला जायची. काळी लोकर आसपासच्या गावांतले घोंगड्या विणणारे सणगर घेऊन जायचे.

परदेशी मेंढे चार होते. त्यांच्या खोलीत विजेचा पंखा होता. आमच्या क्वार्टर्समध्ये वीज त्यानंतर दीड वर्षानं आली. उन्हाळ्यात त्यांच्या खिडक्यांना ओली पोती लावावी लागत. धाप लागलेल्या एका मेंढ्याकडे बघून एकदा एक गडी म्हणाला होता, "अंगावर एवढी लोकर, आन ह्याला धाडलाय नगरला. तिकडं काय गुन्हा केला आसंल ह्यानं?" त्यावर दुसरा म्हणाला, "आपल्या साहेबाला बी तसंच धाडलंय की." साहेब मागेच उभे होते. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. विदर्भातून बदली होऊन आलेले, सभ्य, थकलेले गृहस्थ होते.

लग्न होऊन ती आली ती पुणतांब्याहून. गोदावरीच्या काठची शेतकऱ्याची मुलगी. मी नगर शहरातला, इतिहास घेऊन बी.ए. झालेला, सदा पुस्तकात. एस. टी.तून उतरल्यावर तिनं माळावर चारी दिशांना पाहिलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "इथं झाडं न्हाईत. मग पाखरं बसत्यात कुठं?"

मी म्हणालो, "तारांवर."

"आन तारा यायच्या आदी?"

मी पुन्हा तारांकडेच बोट दाखवलं. ती हसली. त्या हसण्यासाठी मी पुढे कितीतरी वर्षं तिच्या प्रश्नांना मुद्दाम चुकीची उत्तरं देत आलो. ते तिला कळत होतं असं आता वाटतं.

पंधरा दिवसांत तिला क्वार्टर्समधल्या बायकांपेक्षा काळा कळप जास्त आवडू लागला. दुपारचं आवरून, डोक्याला पदर गुंडाळून, ती सरपणाच्या निमित्तानं टेकडीकडे जायची आणि कळपाबरोबर फिरून दिवस कलताना परत यायची. ओच्यात कधी तरवडाची फुलं, कधी रानभाजी. "भाऊसाहेबांची मंडळी मेंढरामागं जाती," अशी कुजबूज झाली. कारकुनाला तिकडे भाऊसाहेब म्हणतात. मी तिला कधी अडवलं नाही. ही माझी एकच गोष्ट मला बरी वाटते.

काळा कळप सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या धनगराला सगळे आबा म्हणत. त्यांचे वडीलही ह्याच कळपामागे होते, तो सरकारी व्हायच्या आधीपासून. उंच, वाकलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. आबांना आकडे वाचता येत नसत. मेंढ्यांच्या कानात आम्ही आकडे गोंदवायचो. आबा मात्र त्यांना तोंडावरून ओळखत. कानतुटकी, लंगडी, हावरी, बुटकी, चांदी. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

ही संध्याकाळी भाकऱ्या थापताना मला टेकडीवरचं सगळं सांगायची, आणि मी पुस्तकातून मान न काढता "हं" म्हणायचो. तिनं सांगितलेल्यातली एक गोष्ट तरीही पक्की लक्षात राहिली. एखादी मेंढी व्यायल्यावर मेली, किंवा तिला लांडग्यानं नेलं, तर आबा तिचं कोकरू दुसरीला लावत. जिचं स्वतःचं कोकरू नुकतंच गेलं आहे, अशा मेंढीची व्यायल्यावर पडलेली वार त्या पोरक्या कोकराच्या अंगाला चोळायची, वरून मिठाचं पाणी शिंपडायचं. मेंढी ते चाटते. तीन दिवस चाटलं, पाजलं, की झाली ती आई. त्यानंतर वाड्यात, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जागेत, पहिल्या आईचं नाव कोणी काढायचं नाही. मेंढी ऐकते, आणि ऐकलं की कोकराला लाथ मारते, असं आबांच्या घराण्यात मानत.

"आन टेकडीवर काढलं तर?" मी चेष्टेनं विचारलं होतं.

"मेंढरं चरायला लांब पांगल्याली आसत्यात. आबा माज्या कानात सांगत्यात. लई हळू."

मला ती गोष्ट फार गोड वाटली. गोड म्हणूनच ठेवली. तिचा माझ्या टेबलावरच्या रजिस्टराशी काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही.

हे रजिस्टर म्हणजे काळ्या कळपाची वंशावळ. दर आठवड्याला कारकुनानं वाड्यात जायचं, नव्या कोकराकडे बोट दाखवून विचारायचं, "ह्याची आई कोण?" आबा मेंढी दाखवत. कारकून तिच्या कानातला आकडा वाचून 'आई' ह्या रकान्यात लिही. माझ्या आधीच्या दोघा कारकुनांनी वीसेक वर्षं हेच केलं होतं आणि मीही केलं. कुरणाचा इतिहास लिहायची कामगिरी साहेबांनी माझ्यावर सोपवली, तेव्हा त्या रजिस्टरावर मी अडीच पानं लिहिली. 'इतकी शुद्ध वंशावळ जिल्ह्यात अन्यत्र नाही,' हे वाक्य लिहून मी चहा प्यायला उठलो होतो, इतका मला त्याचा आनंद झाला होता.

मग बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला.

गाईंना पायी अकोले तालुक्याच्या डोंगरात पाठवलं, गवत होतं तिकडे. मेंढ्या राहिल्या. बेलापूरकडून चाऱ्यासाठी उसाच्या वाढ्यांचे ट्रक यायचे, तेही पुढे पुढे आठवड्यानं एक. माणसांना रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी, तांबडी, भाकरीला चिकटपणा नसलेली. ही ती थापताना वैतागून म्हणायची, "ह्या ज्वारीला बी कुनी इकडं धाडलंय, कोन जाने." टेकडीवर धूळ होती. तरी आबा कळप रोज काढत आणि ही रोज मागे जाई. घरी आल्यावर तिच्या पायांच्या भेगांत मी कोकमाचं तेल भरत असे. ते मी एरवी कोणाला सांगितलं नसतं.

उन्हाळा तोंडावर आला आणि वरून हुकूम आला. चारा पुरणार नाही, मेंढ्या निम्म्या करा. ज्या मेंढीच्या आईची आणि आजीची नोंद आहे तिला ठेवा. वंश अज्ञात असेल तिला लिलावात काढा. यादी आठ दिवसांत. दुष्काळात मेंढ्या कोण घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. लिलाव म्हणजे कसाई.

पांढऱ्या कळपाचे जन्म डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत, त्यांच्या नोंदी वेगळ्या होत्या. काळ्यांचं मला काहीच भय वाटलं नाही. माझं रजिस्टर पूर्ण होतं. शंभरावर मेंढ्या, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या निकषात बसत होत्या. संकटात माझी वही कामाला आली, ह्याचा मला अभिमान वाटला. यादी द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून मी तिला ती वाचून दाखवू लागलो. आकड्यांनी तिला बोध होत नसे, म्हणून आबांची नावं घालून वाचलं. ती मिलोतले खडे वेचत होती.

"कानतुटकी, आई चांदी," मी वाचलं.

ती हसायला लागली. "कानतुटकी चांदीची लेक कुठंय? ती लंगडीची. लंगडी लांडग्यानं न्हेली, मग चांदीनं पाजली."

मी पुढचं वाचलं. तिनं तेही खोडून काढलं. तिसरं बरोबर निघालं. चौथं पुन्हा चूक. मी वही मिटली.

"म्हणजे वीस वर्षं आबा खोटं सांगत आले?"

तिचे हात थांबले. "खोटं कशाचं? तुमी इचारलं आई कोन. त्यांनी आई दावली." आणि सुपाकडे बघत, "माजी आई कोन, मला इचारा. जी मला जनून मेली, तिचं तोंड मी पायलं न्हाई. चुलतीला आई म्हनत आले. लग्नाच्या पत्रिकेत कुनाचं नाव हुतं? ते बी खोटंच का?"

ह्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. रजिस्टर म्हणजे रजिस्टर, असं काहीतरी असणार. तिनं मात्र त्यातून वाट काढली. "आबांना दोन्ही आया म्हाईत हायेत. एकूनएक. उद्या दुपारी टेकडीवर चला माज्यासंगं, लिहून घ्या. पन वाड्यात नगा इचारू."

इतकं सोपं होतं ते. आज पन्नास वर्षांनी लिहितानाही वाटतं, की त्या ओळीपाशी थांबावं आणि दुसऱ्या दिवशीची दुपार लिहावी. मी आणि ती टेकडी चढतो आहोत, तिच्या डोक्याला पदर, माझ्या बगलेत वही, आणि आबा एकेका मेंढीकडे काठी करून हळू आवाजात सांगताहेत. ती दुपार मी इतक्यांदा पाहिली आहे की ती झाली नाही हे मला स्वतःला बजावावं लागतं.

मी सकाळीच वाड्यात गेलो. माझं म्हणणं असं होतं, की आकडा वाचायचा तर मेंढी हाताशी हवी. टेकडीवर पांगलेल्या मेंढीचा कान कोण धरणार? आणि यादी संध्याकाळच्या जीपनं जायची होती. पण खरं सांगायचं तर मला ते हळू आवाजातलं, कानातलं प्रकरण सरकारी कामात नको होतं. मी बी.ए. होतो.

"आबा, कानतुटकीची खरी आई कोण?"

आबांनी चांदीकडे काठी केली.

"तिला पाजणारी नव्हे. जन्म देणारी."

"हीच."

"लंगडी ना?"

आबांनी झटकन इकडे तिकडे पाहिलं. मेंढ्या खालमानेनं उभ्या होत्या. "भाऊसाहेब, हळू. ऐकत्यात त्या."

कुंपणापाशी उभे असलेले गडी हसले. एक म्हणाला, "भाऊसाहेब, मेंढरांनी सही केली का रजिस्टरावर?" ते आबांना हसले असतील किंवा मला. मला ते माझ्यावरच वाटलं. मी आवाज चढवला. आबांना सांगितलं की हुकूम आलाय, खरं सांगितलं नाहीत तर कळप जाईल. कानतुटकी तेव्हा गाभण होती आणि चांदीच्या अगदी शेजारी उभी होती. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जी हाय ती हीच. लिहा."

मी वही घेऊन साहेबांकडे गेलो आणि नोंदी विश्वासार्ह नाहीत हे सांगितलं. मला वाटलं, मी माझं कर्तव्य करतो आहे.

"किती चुकीच्या?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येणार नाही, साहेब."

"कुठल्या बरोबर, ते तरी?"

"तेही नाही."

त्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. "तुम्ही हे सांगितलं नसतं," असं म्हणून थांबले, आणि वाक्य पुरं न करता त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली. काळ्या कळपाच्या पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक रेघ. संध्याकाळी जीप गेली.

घरी तिनं पाणी दिलं, ताट वाढलं. मग विचारलं, "आबांना कुठं इचारलंत?"

"वाड्यात."

ती चुलीपाशी बसली. "मी सांगितलं हुतं," ती म्हणाली. एकदाच. पुढे आम्ही पंचेचाळीसहून जास्त वर्षं संसार केला, मुलं झाली, नागापूरच्या बाजूला घर बांधलं, भांडलोही पुष्कळ. पण हे वाक्य तिनं पुन्हा कधी उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विनवलं, की आबा टेकडीवर सगळं सांगतील, मी आजच लिहून आणतो. ते म्हणाले, "आता तोंडी सांगितलेलं वर कोण धरणार? काल रजिस्टर होतं. आज आपणच त्याला खोटं ठरवलंय." त्यांचं बरोबर होतं.

लिलावाच्या दिवशी मेंढ्या कोणाच्या हाकेनं हलेनात. व्यापाऱ्यांची माणसं ओढू लागली तर त्या एकमेकींत तोंड खुपसून गोल झाल्या. शेवटी आबा पुढे आले. त्यांनी त्यांची रोजची हाक दिली, जिभेनं टाळूवर वाजवून, आणि ट्रककडे चालू लागले. कळप मागे गेला. कानतुटकी चांदीच्या मागे होती. ही ओट्यावर उभी राहून पाहत होती; मी ऑफिसात होतो आणि खिडकीतून तिला पाहत होतो.

दोन दिवसांनी, दुपारी, मला ती घरात दिसली नाही. वाड्याकडे गेलो. वाडा रिकामा. कोरड्या लेंड्यांवर आबा बसले होते आणि त्यांच्यासमोर ही. आबा बोलत होते. अगदी मोकळ्या, खणखणीत आवाजात, वाड्यात मी तो कधी ऐकला नव्हता.

"हावरी. जनली बुटकीच्या थोरलीनं, ती फुगून मेली. पाजली कुनी?"

"खोकनारीनं," ही म्हणाली.

"व्हय. आन खोकनारी कुनाची?"

मला पाहून आबा म्हणाले, "या भाऊसाहेब. बसा. आता ऐकायला कुनी न्हाई." त्यात टोमणा नव्हता. मी बसलो. ते एकेक मेंढी घेत, मेलेल्या, विकलेल्या, आपल्या वडिलांच्या वेळच्यासुद्धा. जन्म देणारी कोण, पाजणारी कोण. ही मागोमाग म्हणे. चुकली की आबा तिला थांबवत, "न्हाई पोरी, नीट," आणि ती पुन्हा म्हणे. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत चाललं होतं. माझ्या खिशात पेन्सिल होती, वरच्या खिशात पोस्टकार्डं होती. मी लिहून घेतलं नाही. कशाला, असं वाटलं. ज्या नाहीत त्यांची नोंद कशात करायची?

आबा पुढच्या पावसाळ्यानंतर गेले. पांढरा कळप काही वर्षं राहिला, मग तोही कमी झाला. पंख्याच्या खोलीत पुढे खताची पोती ठेवत. हे सगळं माझ्या इतिहासानंतरचं.

तिच्याजवळ मात्र ते सगळं राहिलं होतं. वाटाणे सोलताना, नातवाला झोपवताना, ती मध्येच म्हणे, "हावरीची धाकटी सुदीक खोकनारीनंच वाडवली, बगा." मी "हं" म्हणत असे. मागच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मी एक नवी वही आणली होती. रोज वाटायचं, आज विचारू. मग वाटायचं, विचारलं तर तिला कळेल की मी का विचारतो आहे. ती वही तिच्या उशाशी नेऊन मी रोज परत आणली.

आता मीच आठवतो आहे. तिनं म्हटलेलं, माझ्या "हं"च्या पलीकडून जेवढं आत गेलं तेवढं. गेल्या महिन्याभरात एवढंच जमलं:

कानतुटकी. जन्म दिला लंगडीनं, पाजलं चांदीनं.
हावरी. जन्म दिला बुटकीच्या थोरलीनं, पाजलं खोकणारीनं.
हावरीची धाकटी. पाजलं खोकणारीनं. जन्म हावरीनंच दिला, की आणखी कोणी, नक्की नाही.
चांदी. आईनंच पाजलं. ह्यांच्यात ती एकटीच अशी, असं ही म्हणायची.
खोकणारी. पाजलं बुटकीनं.

खोकणारीला जन्म कोणी दिला, हे तिला माहीत होतं.